जुन्या पिकअपची वीज : आधी दोष शोधा, मग खर्च करा



गळीत हंगाम तोंडावर आलेला आहे. या पानावर मी एरवी लागणीचे अंतर, खोडव्याच्या बगला फोडणे, पाचट कुजविणे, हुमणीचा बंदोबस्त अशा विषयांवर चार शब्द लिहीत असतो. आज मात्र विषय वेगळा आहे. आज जुन्या पिकअप गाडीच्या वायरिंगबद्दल लिहावयाचे आहे.

शेतकी खात्याच्या माणसाने स्वतःचे काम सोडून हे काय काढले, असे कोणी म्हणेल. मी शेतकी पदविकेचा माणूस, गाड्यांचा मिस्त्री नव्हे, हे कबूल. पण आपल्या कार्यक्षेत्रात आता गावोगाव जुने डिझेल पिकअप झालेले आहेत. रोपवाटिकेतून उसाच्या रोपांचे ट्रे आणायचे, खताची पोती, ठिबकच्या नळ्या, डेअरीचे कॅन, तोडणी टोळीचा बाजार, पहाटे मार्केटला भाजी, सगळे त्याच एका गाडीवर. बहुतेक गाड्या दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या हाताच्या. इंजिन दणकट असते, ते सहसा दगा देत नाही. दगा देते ती वीज. आणि विजेच्या दोषापायी सभासदांचा जो पैसा जातो, त्यातला बराचसा नको तिथे जातो, असे माझे स्पष्ट मत झालेले आहे. हे मत मला फुकटात मिळालेले नाही.

आमच्याच गाडीची गोष्ट

२०२३-२४ च्या हंगामात आमच्या शेतकी खात्याकडे एक जुना पिकअप होता. नोव्हेंबरात त्याने सकाळी त्रास द्यायला सुरुवात केली. सेल्फ मारला की नुसते "टक्" व्हायचे आणि गप्प. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, बॅटरी गेली." नवी बॅटरी घेतली. आठ दिवस बरे गेले, पुन्हा तेच. मग सेल्फ उतरवला, कार्बन आणि बुश बदलले. डिसेंबरात रात्री दिवे मंद पडू लागले, म्हणून डायनामो खोलला. (अल्टरनेटरला आपल्याकडे अजून डायनामोच म्हणतात, मीही तेच म्हणतो.) त्याच दरम्यान अॅक्सिलरेटरची केबल दोनदा जळाल्यासारखी होऊन अडकली, तीही दोनदा बदलली. केबल का जळते, हा प्रश्न आमच्यापैकी कोणी विचारला नाही. सगळे मिळून सतरा हजारांच्या वर बिल झाले. प्रत्येक बिलावर सही माझी आहे.

जानेवारी २०२४ मधली एक रात्र. नऊ-साडेनऊची वेळ. रोपांचे ट्रे भरून ड्रायव्हर आणि मी येत होतो. पुढचे दिवे आधी पिवळे झाले, मग निखाऱ्यासारखे लाल झाले आणि गाडी जागच्या जागी बंद पडली. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना उभा ऊस, साइडपट्टी नाही. मागचे दिवे मेलेले. ड्रायव्हरने बॉनेट उघडले. माझ्या हातात टॉर्च होती आणि ती मी इंजिनवर धरली होती. ती गाडीच्या मागे धरायला हवी होती, एवढे साधे मला सुचले नाही. पाच मिनिटांच्या आत मोटारसायकलवरून आलेला एक तरुण मुलगा आमच्या मागच्या फाळक्यावर आदळला. आपल्याच सभासदाचा मुलगा, पाळी संपवून घरी निघालेला. मांडीचे हाड मोडले. देवाच्या कृपेने वाचला. आज चालतो, पण पाय ओढत चालतो.

ही गोष्ट मी आजवर छापील पानावर लिहिली नव्हती. बॅटरी नवी, सेल्फ दुरुस्त, डायनामो दुरुस्त, आणि मागचा दिवा बंद. सतरा हजार रुपये खर्चून आम्ही रस्त्यावर अंधार उभा केला होता.

तिसऱ्या दिवशी गाडी ओढून गट ऑफिससमोर आणली. तेथे आपले एक जुने सभासद ऊसनोंदीसाठी आले होते. सत्तरी ओलांडलेले, सारा जन्म ऑइल इंजिन आणि पाण्याच्या मोटारी यांच्यात गेलेला. गाव त्यांना तात्या म्हणते. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि विचारले, "साहेब, ऊस पिवळा पडला की तुम्ही आम्हांस्नी काय सांगता? आधी बेट उपटून मूळ बघा, मग खत टाका. मग ह्या गाडीचं मूळ बघितलंसा का?"

मी म्हटले, "तात्या, गाडीला कसले आले मूळ?"

तात्या गाडीखाली गेले. इंजिनपासून चॅसीपर्यंत तांब्याची, वेणीसारखी विणलेली एक पट्टी असते, तिला अर्थचा पाटा म्हणतात. तो पाटा हिरवा पडून बोल्टजवळ तुटला होता, जेमतेम दोन-तीन तारा चिकटून होत्या. तात्यांनी जंपरची एक वायर बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरे टोक इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरले आणि ड्रायव्हरला सेल्फ मारायला सांगितला. आदल्या रात्री चार्जिंगला लावलेल्या त्याच बॅटरीवर गाडी पहिल्या दमात चालू झाली. नवा पाटा दोन-अडीचशे रुपयांना आला. ती गाडी पुढचा सारा हंगाम विनातक्रार चालली.

असे का होते

आपण सर्वजण पाइपलाइनवाले आहोत, म्हणून त्याच भाषेत सांगतो. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब आणि अँपिअर म्हणजे वाहणारे पाणी. फरक एवढाच की पाणी शेतात सोडले की काम झाले, विजेला मात्र परत बॅटरीपर्यंत येण्याची वाट लागते. गाडीत प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, सेल्फला जाणारी वायर आपल्याला दिसते. परतीची वाट म्हणजे गाडीचे लोखंड. त्यालाच आपण अर्थ किंवा बॉडी म्हणतो. इंजिन रबराच्या तुकड्यांवर बसलेले असते, त्यामुळे इंजिन आणि चॅसी यांना विजेच्या दृष्टीने जोडणारा खरा धागा म्हणजे हा पाटाच.

पाटा तुटला की वीज दुसरी वाट शोधते. आमच्या गाडीत ती अॅक्सिलरेटरच्या केबलमधून जात होती. बारीक केबल, तिच्यातून सेल्फचा प्रचंड प्रवाह, म्हणून ती तापून जळत होती. गाडी आम्हाला दोनदा सांगत होती की दोष कोठे आहे. आम्ही दोनदा केबल बदलली. डायनामोही इंजिनवरच बसलेला, म्हणून त्याची वीज बॅटरीपर्यंत नीट पोहोचत नव्हती. बॅटरी अर्धपोटी, म्हणून दिवे मंद. शेवटी पंपावरच्या सोलेनॉइडला धरून ठेवण्याइतकी वीज उरली नाही, त्याने डिझेल तोडले आणि गाडी थांबली. एक दोष, पण त्याची दुखणी चार ठिकाणी. आम्ही चारही दुखण्यांवर मलम लावले.

हिशेबही पाहा. सेल्फ साधारण दोनशे अँपिअर ओढतो असे धरा. वाटेत कोठे एका ओहमचा शंभरावा भाग एवढी जरी अडचण असली, तरी दोन व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. बारा व्होल्टमधले दोन वाटेतच गेले, तर सेल्फ काय फिरणार? लो व्होल्टेजला विहिरीवरची मोटार कशी गुरगुरते, ते आपल्याला ठाऊक आहे.

चुनखडीच्या जमिनीत ऊस केवडा पडतो. नवी पाने पिवळी, शिरा हिरव्या. जमिनीत लोह असते, पण मुळांना ते घेता येत नाही. तरी दरवर्षी काही सभासद त्यावर युरियाची पोती रिकामी करतात, आणि मी गट सभेत त्यांना बोल लावतो. गाडीच्या बाबतीत मी स्वतः तेच केले. म्हणून आता बोलण्याचा अधिकार आहे तो एवढाच, की मी चुकलेला माणूस आहे.

काय आणि कोणत्या क्रमाने पाहावे

जवळ चार वस्तू असाव्यात. एक साधा मल्टिमीटर, बॅटरीचा हायड्रोमीटर, जंपर वायरची जोडी आणि टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प म्हणजे होल्डरमध्ये इंडिकेटरचा एकवीस वॅटचा बल्ब आणि त्याला दोन लांब वायरी, घरीच होतो.

सुरुवात करण्याआधी हातातले कडे, अंगठी, घड्याळ काढून ठेवावे. बॅटरीजवळ विडी-काडी नको, चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. बॅटरी सोडताना मायनसची वायर आधी काढावी आणि जोडताना ती शेवटी लावावी, म्हणजे पान्हा बॉडीला लागला तरी भडका होत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून डायनामो तपासण्याची जी पद्धत आहे, ती सोडून द्यावी. जुन्या डायनामोच्या काळात ते खपून जाई, अल्टरनेटरचे डायोड त्याने जळतात.

पहिली पायरी बॅटरीची. खांबांवर पांढरी-हिरवी भुकटी साचलेली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवावी, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. क्लॅम्प घासून घट्ट करून वरून व्हॅसलिन लावावे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मीटर लावून १२.६ च्या आसपास व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२ दिसले तर जवळजवळ रिकामी. हायड्रोमीटरने प्रत्येक खाना वेगवेगळा तपासावा. पाच खाने चांगले आणि एक फार खाली असेल तर ती बॅटरी खरोखरच गेली. सगळेच सारखे खाली असतील तर बॅटरी उपाशी आहे, मेलेली नाही. हा फरक न बघता चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात.

दुसरी पायरी अर्थची. मीटरची एक तार बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरी इंजिनच्या घासलेल्या लोखंडावर धरावी आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावा. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर परतीच्या वाटेत अडचण आहे. आमच्या गाडीला चार व्होल्टच्या वर दाखवले होते. ही तपासणी सेल्फ फिरत असतानाच करावयाची. गाडी उभी असताना पाहिले तर फसगत होते, कारण एक तार शिल्लक असली तरी टेस्ट लॅम्प पेटतो. नळाला थेंब आला म्हणजे पाटाला पाणी बसेल असे नव्हे. हीच तपासणी प्लसच्या बाजूनेही करावी, बॅटरीच्या प्लस खांबापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत.

तिसरी पायरी चार्जिंगची. इंजिन थोडे रेस करून बॅटरीवर मीटर लावावे. १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर डायनामो ठीक. साडेबाराच्या खालीच राहिले तर आधी बेल्ट ढिला आहे का ते पाहावे, मग मागची वायर, मग चार्जिंगचा लाल दिवा. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या लाल दिव्याच्या बल्बमधूनच डायनामोला जागे करणारी वीज जाते. चावी फिरवल्यावर तो दिवा लागतच नसेल, तर दहा-वीस रुपयांचा बल्ब गेला म्हणून डायनामो खोलायची पाळी येते. पंधराच्या वर व्होल्ट जात असतील तर रेग्युलेटर बिघडला, तो बॅटरीचे पाणी उकळून टाकील.

चौथी पायरी : सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही. तेव्हा डिझेल पंपावरचा सोलेनॉइड पाहावा. चावी फिरवली की तेथे "टिक्" असा आवाज आला पाहिजे. आवाज नसेल तर त्याच्या वायरीवर टेस्ट लॅम्प लावावा. लॅम्प पेटला तर सोलेनॉइड गेला, नाही पेटला तर वायर किंवा फ्यूज.

पाचवी पायरी फ्यूजची. फ्यूज जातो म्हणून त्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी घालणे हा गुन्हा समजावा. फ्यूज हा घरच्या कुत्र्यासारखा आहे, भुंकतो म्हणून त्याला मारून टाकले तर चोर मोकळा. आपल्या गाडीत पाचट, वाडे, पोत्यांच्या सुतळ्या असतात, पेटायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा गेलेल्या फ्यूजच्या जागी तोच एकवीस वॅटचा बल्ब जोडावा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल, पण वायर जळणार नाही. मग एकेक जोड सोडत जावे. ज्या जोडाशी बल्ब विझला, तेथे दोष.

सहावी पायरी : रात्रीत बॅटरी उतरते. गाडीचे सगळे बंद करून मायनसची वायर काढावी आणि वायर व खांब यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावावा. लॅम्प स्पष्ट पेटला तर काहीतरी वीज पीत आहे. एकेक फ्यूज काढून पाहावा, ज्याने लॅम्प विझेल त्या वाटेवर शोध घ्यावा. टेप लावण्यासाठी मागाहून काढलेल्या वायरी, आतला दिवा आणि डॅशबोर्डमागे उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हे नेहमीचे चोर. उसाच्या फडाजवळ गाडी उभी राहते तेथे उंदीर असणारच. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी हंगामाला काढण्यापूर्वी बॉनेटखाली आणि सीटखाली एकदा हात घालून पाहावा.

मागचा दिवा

सातवी पायरी मी मुद्दाम वेगळी ठेवली आहे. मागचे दिवे हे गाडीत सर्वांत दुर्लक्षित असतात, कारण ते चालविणाऱ्याला दिसत नाहीत. चिखल, धुण्याचे पाणी, खताची धूळ, सगळे तेथेच जाते. होल्डरचा अर्थ गंजतो. मग गंमत अशी होते की ब्रेक दाबला की मागचा दिवा विझतो, किंवा इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाही मिचमिचतो. एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, अर्थ सुटला की एका तारेची वीज परतीसाठी दुसऱ्या तारेतून घुसते. लोक बल्ब बदलतात, स्विच बदलतात. होल्डरपासून चॅसीपर्यंत एक वेगळी वायर टाकून लोखंड घासून घट्ट बसविली की नव्वद टक्के त्रास संपतो, हा माझा अनुभव आहे. ट्रॉलीलाही हेच लागू. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या जोडणीत हुकावर अर्थ सोडू नये. हुक ग्रीस आणि मातीने भरलेला असतो. प्लगमधून अर्थची स्वतंत्र वायर न्यावी. जोड नुसते पिळून वर चिकटपट्टी न गुंडाळता लग दाबून किंवा डाग देऊन करावेत.

मोटारसायकल ताशी साठ किलोमीटरने येते तेव्हा सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद तरी जातो, म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच पंचवीस मीटर संपले. डीपरवर त्याला त्याहून फार पुढचे दिसत नाही. आपला पाच वॅटचा लाल दिवा त्याला शंभर मीटरवरून हाक मारतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत दिवे लावणे बंधनकारक आहेच. पण मी नियमासाठी सांगत नाही. त्या मुलाच्या वडिलांसमोर उभे राहून मला बोलावे लागले आहे, म्हणून सांगतो.

दिव्याच्या जोडीला लाल रिफ्लेक्टर पट्टी अवश्य लावावी, तिला वीज लागत नाही. आणि गाडी बंद पडली तर टॉर्च आधी मागे, इंजिन नंतर.

आक्षेप आणि सूचना

काही सभासद म्हणतात, "आम्ही काय मिस्त्री व्हायचं का? तालुक्याला नेली की झालं." मिस्त्र्यांना मी दोष देत नाही. आपण गाडी नेतो ती भर हंगामात, आणि वर म्हणतो, "लवकर कर, खेप थांबली आहे." शोधायला तासभर लागतो, त्याचे पैसे द्यायला आपण तयार नसतो, भाग बदलला की पैसे मुकाट देतो. मग तो भाग बदलणारच. "शोधून दे, शोधण्याची मजुरी देतो," असे एकदा म्हणून पाहावे. आणि दोष कोठे आहे हे आपल्याला ठाऊक असेल तर कोणी फसवू शकत नाही, ही दुसरी गोष्ट.

एक मर्यादा मात्र पाळावी. अलीकडच्या गाड्यांत इंजिन चालविणारा कॉम्प्युटर असतो. त्याच्या वायरींना टेस्ट लॅम्प लावू नये, तेथे जाणत्याकडेच जावे. वर सांगितलेले जुन्या, साध्या वायरिंगच्या गाड्यांसाठी आहे. बॅटरीचे खांब आणि अर्थचा पाटा मात्र नव्या गाडीलाही चुकलेले नाहीत.

माझे मत असे की हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गट ऑफिससमोर एक दिवस तपासणीचा ठेवावा. मीटर, हायड्रोमीटर आणि जंपर वायर गट ऑफिसने ठेवाव्यात, जसे आपण ब्रिक्स बघण्याचे यंत्र ठेवतो. पहिली तपासणी शेतकी खात्याच्या गाड्यांची व्हावी, सभासदांच्या त्यानंतर. दंडाची पावती नको. ज्याचा दिवा लागत नाही त्याला तेथेच लावून द्यावा.

हंगामात रात्रीच्या खेपेला मागचा दिवा नसेल तर काय? येथे मतभेद आहे. भरलेली गाडी काट्यावर अडवून ठेवावी असे काहींचे म्हणणे आहे. मी त्याच्या विरुद्ध आहे. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, साखर उताराही घसरतो, आणि भुर्दंड उत्पादकाला बसतो. गाडीमालकाच्या चुकीचा दंड उसाच्या मालकाला का? तपासणी करावयाची ती रिकामी गाडी फाटकातून बाहेर पडताना. दिवा नसेल तर दिवसाची खेप करावी, रात्रीची चिठ्ठी मिळणार नाही. याने ऊस वाळत नाही आणि गाडीमालकाला दुसऱ्या दिवशीच वायर जोडायची घाई होते. हे माझे वैयक्तिक मत असून मा. संचालक मंडळाने त्याचा विचार करावा, अशी विनंती आहे. सभासदांपैकी ज्यांना पटत नसेल त्यांनी गट सभेत जरूर बोलावे.

शेवटी एवढेच. येत्या आठवड्यात कोणत्याही सकाळी अर्धा तास काढावा. गाडीखाली वाकून तो पाटा पाहावा, हिरवा पडला असेल तर बदलावा. मग घरातल्या कोणाला तरी गाडीच्या मागे उभे करून ब्रेक दाबावा आणि विचारावे, "दोन्ही लागले का?" आमच्या त्या जुन्या पिकअपच्या मागे आता रोज संध्याकाळी मी स्वतः उभा राहतो आणि ड्रायव्हर ब्रेक दाबतो. दोन्ही दिवे लागल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नाही.

पुढील अंकात सुरू उसाच्या लागणीबद्दल लिहीन.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी